वारेचा नकाशा

माझ्या धाकट्या बहिणीला बोरगावला दिलंय. आमचं माहेर निपाणीच्या अलीकडं, एका लहान गावात. दोन्ही घरं जैन शेतकऱ्यांची. ऊस, सोयाबीन, दारात दोन-चार म्हशी, घरात मराठी आणि बाजारात कन्नड. मी मात्र शिकत शिकत बेळगावला आले, तिथंच नोकरीला लागले, आणि आता सांबऱ्याच्या विमानतळाच्या रस्त्याला दोन खोल्यांत एकटी राहते.

मी काय काम करते, हे घरात कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. आई विचारणाऱ्यांना "कंप्युटरवर डाक्टरकीचं कायतरी करती" एवढंच सांगायची, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. माणसाच्या शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात, पण सगळीच एका वेळी कामाला लागलेली नसतात. कुठली पेशी कुठल्या जनुकाचा निरोप ऐकते, कुठलं प्रथिन बनवते, यावर ती यकृताची की कातडीची, धडधाकट की आजारी, हे ठरतं. आमच्याकडं शरीराच्या एखाद्या भागाचा कागदाहून पातळ काप येतो. तो ज्या काचेवर ठेवतात तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे हजारो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा पत्ता असतो. कापातले निरोप खालच्या ठिपक्याला चिकटतात, पत्त्यासकट वाचले जातात, आणि मग आकड्यांचा एक अजस्र तक्ता माझ्यापुढं येतो. त्या आकड्यांतून नकाशा काढायचा, हे माझं काम.

आमच्या भागातल्या माणसाला समजावताना मी एक उदाहरण देते. तालुक्यात मराठी बोलणारे किती आणि कन्नड बोलणारे किती, एवढ्या आकड्यावरून गाव कळत नाही. कुठल्या गल्लीत काय बोलतात, कुठल्या घरात दोन्ही बोलतात, कोण कुणाच्या शेजारी राहतं, हे कळलं तर गाव कळतं. पूर्वी शरीराचा तुकडा वाटून त्याचा एकच आकडा काढत. आता गल्लीगल्लीतून हिंडता येतं. अडचण एवढीच, की एकेका ठिपक्याखाली काही पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात आणि सगळ्यांचं बोलणं एकात एक मिसळून कानावर येतं. ते वेगळं करायला गणित लागतं.

त्या वेळचा आमचा अभ्यास वारेचा होता. वार म्हणजे पोटात बाळाला आईशी जोडणारा तो मांसल गोळा. बाळामागून पडतो, आणि आपल्याकडं तो पुरतात. काही बायकांचा रक्तदाब गरोदरपणात एकाएकी चढतो, अंगावर सूज येते, झटके येऊन आईच्या जिवावर बेततं. त्या दुखण्याचं मूळ वारेशी आहे, हे डॉक्टरांना कधीचं माहीत आहे. वारेत ते नेमकं कुठं आणि कसं दिसतं, ते आम्ही शोधत होतो. एवढं सगळं रोज डोळ्यांपुढं असूनही धाकटीला तेच होईल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

तिला सातवा चालू होता. एका सकाळी मी कामावर निघाले होते, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला.

"आक्का, हिचं डोस्कं लई दुखालंय. डोळ्यापुढं काजवं चमकल्यागत होतंय म्हणती."

"पाय सुजलेत का?"

"पाय व्हय, त्वांडबी. आई म्हणत्यात, ऊन लागलं आसंल."

"ऊन नाही ते. असाल तसे निघा. वाटेत कुठं थांबू नका, थेट इथं आणा."

ते आले तेव्हा धाकटी गाडीत मागं सासूच्या खांद्याला टेकून बसली होती. तोंड इतकं सुजलेलं, की क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. दवाखान्यात भराभर रक्तदाब घेतला, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की औषधांनी एखाददुसरा दिवस काढता येईल, पण बाळ आणि वार बाहेर काढल्याशिवाय आईचं हे दुखणं थांबायचं नाही.

त्या वॉर्डात आमच्या अभ्यासाची परिचारिका रोज यायची. अशा बायकांना समजावून सांगायचं आणि वारेचा अंगठ्याएवढा तुकडा संशोधनाला द्याल का, असं विचारायचं, हे तिचं काम. ती धाकटीच्या खाटेपाशी आली आणि मी बाहेर जायला उठले. माझं या अभ्यासात काम होतं. मी तिथं असणं बरोबर नव्हतं. पण धाकटीनं हात धरला.

"तू बस, आक्का. हे तुझंच काम न्हवं का?"

"माझं आहे म्हणूनच मी काही बोलणार नाही. नको वाटलं तर सरळ नको म्हण. तुझ्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही."

तिनं परिचारिकेचं सगळं ऐकून घेतलं आणि हो म्हणाली. सासूबाई मात्र उभ्या राहिल्या. मी त्यांना मावशी म्हणते. ताठ, कमी बोलणारी बाई. पाणीसुद्धा गाळल्याशिवाय घ्यायची नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखंच 'आलो, गेलो' म्हणतात, तशाच त्याही बोलतात.

"वार तोडून द्यायची नसती," त्या म्हणाल्या. "आमच्यात आख्खी पुरत्यात. मी आजवर आसलं ऐकलो न्हाय."

परिचारिका म्हणाली, घरच्यांचं मन नसेल तर राहू दे, जबरदस्ती नाही. धाकटी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. थोड्या वेळानं मावशी माझ्यामागून व्हरांड्यात आल्या.

"त्यात जीव असतोय का गं?"

"असतो. बाहेर आल्यावर थोडा वेळ तिच्यातल्या पेशी जिवंत असतात. मग आपोआप थांबतात."

"आणि तुम्ही काय करता?"

"लगेच गोठवतो. मग पातळ काप काढतो."

"म्हंजे ते थांबणारच हाय. तुमच्यामुळं थांबत न्हाय."

"नाही. आमच्यामुळं नाही."

त्यांनी जरा विचार केला. "आणि ती वार कुणाची म्हणायची? पोराची का आईची?"

हा प्रश्न आमच्या कामाच्या अगदी मध्यावरचा होता. वारेत दोघांच्याही पेशी असतात, एकमेकींना लागून. बहुतेक बाळाच्या, काही आईच्या. कुठली कुणाची, हे वेगळं करण्यात माझे कितीतरी आठवडे गेले होते. मुलगा असला तर त्यातल्या त्यात सोपं जातं, कारण मुलाचं एक गुणसूत्र आईकडं नसतंच. मुलगी असली, की मायलेकींच्या जनुकांमधले बारीक बारीक फरक हुडकत बसावं लागतं.

"दोघांची," मी म्हणाले.

"मग आईनं हो म्हणल्यावर मी कोण?" असं म्हणून त्या आत गेल्या. परिचारिकेला म्हणाल्या, "घ्या तुमाला पायजे तेवढं. बाकीची माझ्या हातात द्या."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, एवढीशी, माझ्या तळहातापासून कोपरापर्यंतही भरली नसती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मावशींनी उरलेली वार डब्यात घेतली आणि आपल्या मुलाबरोबर बोरगावला गेल्या. परसात, म्हशींच्या गोठ्यामागं पुरून, अंघोळ करून त्या संध्याकाळच्या आत परत आल्या. धाकटीला त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "झालं सगळं नीट."

बाळ थोडेच दिवस जगलं. धाकटीला चाकाच्या खुर्चीवरून पेटीपाशी नेत. ती पेटीच्या भोकातून हात घालून बाळाच्या पावलाला एक बोट लावून बसायची. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर पेटी रिकामी होती आणि आतलं फडकं बदलत होते. धाकटी वॉर्डात डोळे उघडे ठेवून पडली होती. रडत नव्हती. तिचा नवरा आणि सासरे बाळाला घेऊन गावी गेले. गावाबाहेर जिथं लहानांना ठेवतात तिथं ठेवून आले.

मी सुटी घेतली नाही. घरात बसून काय केलं असतं? पण कामावर गेल्याबरोबर आमच्या गटाच्या प्रमुख बाईंना सांगितलं, की या महिन्यात आलेल्या नमुन्यांना मी हात लावणार नाही, आणि त्यांत कुठला कुणाचा, हे मला कधीही सांगू नका. नमुन्यांवर नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. पण मुलगी, एवढ्या लवकरची, एवढा रक्तदाब, असं जुळवत गेले असते तर मला ओळखू आलं असतं. त्यांनी ते काम माझ्या सहकाऱ्याकडं दिलं.

तरी सगळ्या नमुन्यांचे नकाशे एकमेकांवर बसवायचं गणित माझंच होतं. प्रत्येक काप वेगळ्या आकाराचा, कुठं ताणलेला, कुठं फाटलेला. एकाच वारेचे लागोपाठचे काप एकावर एक नीट बसवायचे, मग जनुकांच्या नकाशावर प्रथिनांचा नकाशा चढवायचा. प्रथिनांसाठी काप पुन्हा पुन्हा रंगवून छायाचित्रं घेतात. एकेका फेरीत थोडीच प्रथिनं उजळतात. हे सगळं एका जागी आलं, की पडद्यावर रंगांचे पुंजके दिसू लागतात: इथं रक्तवाहिन्या, इथं बाळाच्या पेशी, इथं प्राणवायूला आसुसलेल्या पेशी. त्या पुंजक्यांत कुठंतरी एक तुकडा धाकटीचा आणि तिच्या मुलीचा होता. कुठला ते मला माहीत नव्हतं. सुरुवातीला मी काम करताना मधेच उठून पाणी पिऊन यायची. पुढं तेही थांबलं. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. त्या दोघी आता कुठंच एकत्र नव्हत्या. गोठवून काचेवर ठेवलेल्या त्या कापात मात्र त्यांच्या पेशी अजून एकमेकींना टेकून होत्या.

बोरगावचं घर गप्प झालं होतं. मी फोन केला की धाकटी म्हणायची, "बरं हाय." सासूबाई कशा आहेत विचारलं की, "त्या काय बोलत न्हाईत." एकदा मात्र ती बोलली. सासूला ती आत्ती म्हणते.

"आक्का, आत्ती माझ्याकडं बघतसुदीक न्हाईत. मलाच दोषी धरल्यात त्यांनी. मी सांभाळलं न्हाय पोराला, आसंच वाटत आसणार त्यांना."

"असं म्हणाल्या का त्या?"

"म्हणायला कशाला पायजे?"

मी तिला दुखण्याबद्दल सांगू लागले, पण ती म्हणाली, म्हैस ओरडालीय, आणि फोन ठेवला.

पाऊसपाणी झालं, थंडी पडू लागली. एका रविवारी सकाळी दार वाजलं. बघते तर मावशी. एकट्या. हातात कापडी पिशवी. बोरगावहून निपाणी, निपाणीहून बेळगाव, तिथून विचारत विचारत रिक्षा करून आल्या होत्या.

"मावशी! फोन करायचा. मी आले असते न्यायला."

"फोन केला आसता तर घरात कळलं आसतं. देवदर्शनाला जातो म्हणून आलोय."

त्यांनी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, आणि मी चहा ठेवायला उठले तर हातानं बसवलं.

"तुझं ते झालं का? वारेचं?"

"बरंचसं झालंय."

"दाखव मला."

मी लॅपटॉप उघडला. आधीच सांगितलं, की यात धाकटीचं कुठलं ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. हे सगळ्या बायकांचं मिळून आहे. त्यांनी मान हलवली. मी एक निरोगी वार दाखवली आणि शेजारी एक आजारी. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"हे लाल काय?"

"आईकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या आहेत तिथल्या पेशी. चांगल्या वारेत बघा, त्या रुंद झाल्यात. बाळाच्या पेशी आत शिरून त्यांना मोकळं करतात, म्हणजे रक्त भरपूर येतं. हिच्यात बघा, अरुंदच राहिल्यात. शेजारच्या पेशी गुदमरल्यात. हा जांभळा रंग त्याचा."

"हे कवा होतंय?"

"वाहिन्या मोकळ्या व्हायचं काम पहिल्या काही महिन्यांत होतं. तेव्हा नीट झालं नाही तर पुढं वार उपाशी राहते, आणि मग आईचा रक्तदाब चढतो. हे डॉक्टरांना आधीपासूनच ठाऊक आहे. आमच्या नकाशात त्याच्या खुणा कुठं कुठं आहेत ते दिसतं."

त्यांनी चष्मा काढला. पदरानं पुसत राहिल्या.

"सहाव्यात नव्या मंदिराचं पंचकल्याणक होतं आमच्या पावण्यांच्या गावात," त्या म्हणाल्या. "ती नको म्हणालती. पाय दुखत्यात म्हणालती. मी म्हणलं, चल, पोटातल्या पोराला पुण्य लागंल. टेंपोतनं गेलतो. रस्ता सगळा उखाडलेला. आणि दिवसभर मांडवात खाली बसलो. तिला उठू दिलो न्हाय मी. चार बायका काय म्हणतील, म्हणून." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मीच नेलतं तिला."

मला तेव्हा कळलं, त्या सुनेकडं का बघत नव्हत्या ते.

"मावशी, त्या टेंपोनं हे झालं नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"नाही सांगत. हे बघा." मी पुन्हा तो आजारी नकाशा पुढं केला. "हे एका दिवसात होत नाही. खड्ड्यानं होत नाही, बसल्यानं होत नाही. तुम्ही मांडवात बसलात तेव्हा हे आतून कधीचं चालू झालेलं होतं. ती घरात गादीवर झोपून राहिली असती तरी झालंच असतं. तिचे पाय दुखत होते, तिला नेलंत, ते वेगळं. पण बाळ त्यानं गेलं नाही."

"नक्की?"

"सगळं आम्हाला कळलेलं नाही. एखादीलाच हे का होतं, ते अजून कळलेलं नाही. पण टेंपोनं होत नाही, हे नक्की."

त्या किती तरी वेळ पडद्याकडं बघत बसल्या. वरून एक विमान उतरायला आलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"हे मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"इचारायला त्वांड पायजे गं," त्या म्हणाल्या.

दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं असतं त्यांना. मी त्यांना बसला सोडायला निघाले. वाटेत म्हणाल्या, खडेबाजारातनं जाऊया. तिथं एका दुकानात त्यांनी बरीच उलथापालथ करून एक सुती साडी काढली, फिकी निळी, बारीक काठाची. पैसे मला देऊ दिले नाहीत. बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर साडीची पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "तिला मी सांगतो. तू काय बोलू नको."

मी बोलले नाही. चार-पाच दिवसांनी धाकटीचाच फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"आक्का, आत्तींनी साडी आणल्यात. सण न्हाय, काय न्हाय. मी म्हणलं, कशाला? तर चुलीपाशी बसून रडाय लागल्या. मी त्यांना कवा रडताना बघितलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. दोघी रडलो. भात करपला." मग ती म्हणाली, "त्या टेंपोचं मला आठवतसुदीक नव्हतं गं. मला वाटत होतं, मी तवा रोज दोन घागरी पाणी उचलत होते, त्यानं झालं."

मग मी तिलाही तेच सांगितलं, जे मावशींना सांगितलं होतं. या वेळी तिनं फोन ठेवला नाही.

त्या महिन्यातच मी बोरगावला गेले. दुपारची वेळ होती. सोप्यात तिघी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. धाकटी निळी साडी नेसली होती. अजून तिच्या चेहऱ्यावर पूर्वीचं काही आलं नव्हतं, येईल असंही मला वाटत नव्हतं. पण ती सासूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि दोघींची टोपली एकच होती.

मावशी मान वर न करता म्हणाल्या, "माझं बी एक गेलतं. हिच्या नवऱ्याच्या आधीचं. पहिलं."

धाकटीचा हात थांबला. तिला हे माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याला तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे.

"माझं बी आंग सुजलतं. सासू म्हणाल्या, नजर लागली. पोरगा हुता." शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. "त्याचं कशानं झालं आसंल, हे तुझ्या मशिनीला कळंल का गं?"

"नाही, मावशी," मी म्हणाले. "त्यासाठी काहीतरी ठेवलेलं लागतं. त्याचं काहीच राहिलेलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते बी खरंच."

आणि त्यांनी पुढची शेंग घेतली. थोड्या वेळानं धाकटीनंही घेतली.